अर्धा पॉइंट

भोसरी

चि. पूजास अनेक आशीर्वाद,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, परत तीच हरियाणाची मुलगी समोर आली आणि परत पॉइंटवरच हरले," आणि पुढे गप्प झालीस. मला अशा वेळी बोलायला सुचत नाही, तुला माहीत आहे. म्हणून लिहितो.

तू बॉक्सिंगला लागल्यापासून रात्रपाळी नसली की मी मोबाईलवर जुन्या लढती बघत बसतो. आई म्हणते, म्हाताऱ्याला नवं वेड लागलंय. त्यातच मला हॉवर्ड विन्स्टन सापडला. वेल्सचा, मर्थर टिडफिल नावाच्या खाणकामगारांच्या गावचा, जन्म 1939 चा. मी त्याच्यापाशी थांबलो ते त्याच्या उजव्या हातामुळे. पोरसवदा वयात खेळण्यांच्या कारखान्यात काम करताना त्याच्या तीन बोटांची टोकं गेली.

माझा हात तू लहानपणी मोजायचीस. "बाबांची साडेआठ बोटं." पॉवर प्रेसवर सेफ्टी गार्ड काढून काम करायला लावलं होतं, कारण गार्ड लावला की दिवसाचे नग कमी निघायचे. नंतर रजिस्टरात लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. असो. पण अर्धी बोटं असली की मूठ नीट मिटत नाही, हे मला कुणी सांगायला नको. पिशवी धरतानासुद्धा कळतं. आणि हा माणूस त्या हाताने ठोसे मारत होता!

उजव्या हातातला जोर गेला म्हणून त्याने सगळं डाव्यावर आणलं. त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा तो सरळ झटपट ठोसा, बघ तू. खांदा हलतोय न हलतोय तोवर समोरच्याचं डोकं मागे गेलेलं असतं. एक लागला की दुसरा, तिसरा, त्याच जागी. 1958 ला कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक, 1961 ला टेरी स्पिंक्सला हरवून फेदरवेट या हलक्या वजनगटात ब्रिटिश विजेता. स्पिंक्स म्हणजे ऑलिंपिकचा सुवर्णपदकवाला, साधा गडी नव्हे.

आणि मग त्याच्या नशिबी आला मेक्सिकोचा जगज्जेता विसेंते साल्दिवार. डावखुरा, बुटका, दम न संपणारा. पहिले सात-आठ राउंड विन्स्टन जॅबवर जॅब मारत पुढे राहायचा आणि मग साल्दिवार बरगड्यांवर हाणायला लागायचा. 1965 ला लंडनमध्ये पंधरा राउंड झाले, विन्स्टन पॉइंटवर हरला. 1967 च्या जूनमध्ये कार्डिफला, घरच्या लोकांसमोर, पुन्हा पंधरा. चौदाव्या राउंडला खाली पडला, उठला, शेवटपर्यंत लढला. तिकडे तेव्हा पंच एकटाच गुण द्यायचा. त्याने अर्ध्या पॉइंटने साल्दिवारला जिंकवलं. अर्ध्या! तुझा निकाल कळला तेव्हा मला आधी हेच आठवलं.

चार महिन्यांनी तिसरी लढत, मेक्सिको सिटीला. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच, श्वास पुरत नाही. बाराव्या राउंडला त्याच्या कोचने, एडी थॉमसने, टॉवेल टाकला, म्हणजे हार मानून लढत थांबवली. हा थॉमसही मर्थरचाच, स्वतः युरोपचा विजेता राहिलेला. आदल्या वर्षी जवळच्या अबरफानमध्ये खाणीचा ढिगारा शाळेवर कोसळून 144 जण गेले, त्यातली 116 मुलं. तेव्हा हा माणूस तिथे चिखलात उतरून काम करत होता. मला आपलं वाटतं, ते पाहिलेल्या माणसाला टॉवेल टाकायला जड गेलं नसेल. तुझ्या कोचने तसं कधी केलं तर त्यांच्यावर रागावू नकोस.

त्याच रात्री साल्दिवारने निवृत्ती जाहीर केली आणि जगज्जेतेपदाचा पट्टा रिकामा झाला. 23 जानेवारी 1968 ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये विन्स्टनने जपानच्या मित्सुनोरी सेकीला नवव्या राउंडला थांबवलं. सेकीच्या डोळ्याजवळ जखम झाली होती. विन्स्टन जगज्जेता झाला. पण साल्दिवारला त्याने कधीच हरवलं नाही. आणि पट्टा तरी किती दिवस टिकला? जुलैत पोर्थकॉलला होसे लेग्राने पाचव्या राउंडला काढून घेतला. तिथेच त्याने हातमोजे उतरवले. वय 29.

गंमत म्हणजे साल्दिवार आणि तो पुढे दोस्त झाले. साल्दिवार त्याला भेटायला मर्थरला जायचा. मर्थरमध्ये आता विन्स्टनचा पुतळा आहे.

तू त्या हरियाणाच्या मुलीला हरवशीलच असं मी म्हणणार नाही. मला तुझ्या खेळातलं तेवढं कळत नाही आणि खोटं बोललो तर तू लगेच ओळखतेस. खेळायचं की सोडायचं हे तुझं तू ठरव, घरातून कुणी काही म्हणणार नाही. आईलाही सांगून ठेवलंय.

सोबत बेसनाचे लाडू आणि क्रेप बँडेजचे चार रोल पाठवतोय. लाडू सगळ्या खोलीत वाटू नकोस, दोन तरी स्वतःसाठी ठेव. आणि एक राहिलंच, ती मुलगी डावखुरी आहे का? त्या दिवशी विचारायचं राहून गेलं. रविवारी फोन करशील तेव्हा सांग.

तुझा,
बाबा