ओह्रिडचे न दाखवलेले दोन दिवस : सहल कंपनीस तक्रार पत्र

दिनांक : 9 जून 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे शाखा

विषय : बाल्कन सहलीत ओह्रिड येथील ठरलेला कार्यक्रम न दिल्याबद्दल आणि चुकीची माहिती दिल्याबद्दल तक्रार.

महोदय,

15 ते 25 मे 2025 या काळातील आपल्या बाल्कन सहलीत मी व माझे पती सहभागी झालो होतो. प्रत्येकी 2,60,000 रुपये आम्ही जानेवारीतच भरले होते. विमानप्रवास, जेवण आणि बसचालकाची सेवा यांविषयी माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती 20 आणि 21 मे या दोन दिवसांची, म्हणजेच उत्तर मॅसिडोनियातील ओह्रिड या सरोवराकाठच्या गावाची, आणि आम्ही ही सहल निवडली ती केवळ ओह्रिडसाठी.

हे आपल्या कार्यालयात नोंदणीच्या वेळी मी स्पष्टपणे सांगितले होते. मी तीस वर्षे मोडी कागदपत्रांचे देवनागरी लिप्यंतर करण्याचे काम केले आहे. स्लाव्ह लोकांसाठी पहिली लिपी तयार करणाऱ्या सिरिल आणि मेथोडियस या बंधूंचे शिष्य संत क्लेमेंट नवव्या शतकाच्या अखेरीस ओह्रिडला आले आणि तेथील प्लाओश्निक या टेकडीवर त्यांनी स्लाव्ह भाषेत लिहिणारे-वाचणारे शिष्य घडवले. ग्लागोलितिक या त्या पहिल्या लिपीतील लेखनपरंपरा तेथे रुजली आणि आज रशियन, मॅसिडोनियन आदी भाषा जिच्यात लिहिल्या जातात त्या सिरिलिक लिपीच्या घडणीचे श्रेयही परंपरेने क्लेमेंट यांना दिले जाते. जिथे एका लिपीची शाळा भरली, ती जागा डोळ्यांनी पाहावी, ही माझी फार जुनी इच्छा होती. माझे पती पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. प्रेस्पा हे शेजारचे सरोवर ओह्रिड सरोवरापेक्षा सुमारे दीडशे मीटर उंचावर आहे आणि त्याचे पाणी गालिचित्सा डोंगराच्या चुनखडीतून झिरपत ओह्रिड सरोवराच्या काठी स्वेती नौम मठाजवळ झऱ्यांच्या रूपाने वर येते. ते झरे त्यांना पाहायचे होते. आपल्या प्रतिनिधींनी दोन्ही ठिकाणे छापील कार्यक्रमपत्रिकेत बोट ठेवून आम्हाला दाखवली आणि त्यानंतरच आम्ही धनादेश दिला.

त्या कार्यक्रमपत्रिकेत शब्दशः असे लिहिले आहे : ‘ओह्रिडच्या जुन्या गावात दोन मुक्काम, स्थानिक परवानाधारक गाइडसह पूर्ण दिवस पायी फेरी, बोटीने स्वेती नौम मठ.’ यांपैकी एकही गोष्ट आम्हाला मिळाली नाही.

मुक्काम ओह्रिडमध्ये नव्हताच. तो सुमारे 15 किलोमीटरवरील स्ट्रुगा येथे होता. स्ट्रुगा हे चांगले गाव आहे, सरोवरातून काळी द्रिन नदी तिथेच बाहेर पडते, आणि त्या गावाविषयी माझे काही म्हणणे नाही. मात्र आम्ही पैसे भरले होते ते संध्याकाळी जुन्या गावाच्या चढउताराच्या गल्ल्यांतून पायी फिरता यावे म्हणून. 20 तारखेला आम्ही थेट स्ट्रुग्याच्या हॉटेलात उतरलो आणि त्या दिवशी ओह्रिड पाहिलेच नाही.

21 तारखेला सकाळी साडेदहाला बस ओह्रिडच्या धक्क्याजवळ थांबली आणि दुपारी पावणेदोनला निघाली. या सव्वातीन तासांपैकी पन्नास मिनिटे मोत्यांच्या दुकानात, अर्धा तास बोटीत आणि एक तास जेवणात गेला. स्थानिक गाइड आलाच नाही. संत सोफियाचे चर्च आम्ही बाहेरून दहा मिनिटे पाहिले. आतील अकराव्या शतकातील भित्तिचित्रे, जी ऑटोमन काळात तिथे मशीद झाल्यावर चुन्याखाली झाकली गेली आणि विसाव्या शतकात पुन्हा उघडी करण्यात आली, ती पाहण्यासाठी तिकीट काढावे लागते. ‘तिकीट पॅकेजमध्ये नाही,’ असे टूर मॅनेजरनी सांगितले. आम्ही ते स्वतःच्या पैशांनी काढायला तयार होतो. वेळ देण्यात आला नाही. 1295 साली बांधलेल्या पेरिव्हलेप्टा चर्चमध्ये मिखाईल आणि युटिखियोस या चित्रकारांनी आपली नावे चित्रांतल्या शस्त्रांवर आणि वस्त्रांवर लिहून ठेवली आहेत. त्या चर्चकडे जाणारा चढ आम्हाला खालूनच दाखवण्यात आला. प्लाओश्निकला जायचे आहे असे मी दोनदा सांगितले, तेव्हा ‘तिथे विशेष काही नाही, नवे बांधकाम आहे,’ असे उत्तर मिळाले. सध्याचे चर्च अलीकडे उभारलेले आहे हे खरे आहे. पण त्याच जागी जुन्या चर्चचा पाया आहे आणि बाजूला प्राचीन बॅसिलिकेच्या, म्हणजे सुरुवातीच्या काळातील मोठ्या चर्चच्या, मोझॅकच्या फरशा आहेत, आणि मी पाच हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून आले होते ते त्या पायासाठीच. तीन दिवसांनी, 24 मे रोजी, त्या देशात सिरिल आणि मेथोडियस यांच्या स्मरणार्थ सार्वजनिक सुटी असते, एवढे त्या जागेचे आणि त्या परंपरेचे मोल तिथल्या लोकांना आहे.

आता बोटीविषयी, कारण माझ्या मते सर्वांत गंभीर बाब हीच आहे. बोट सुटल्यावर दहा-बारा मिनिटांत कड्यावरचे एक छोटे चर्च दिसू लागले आणि टूर मॅनेजरनी सर्वांना सांगितले की, ‘हाच स्वेती नौम मठ.’ ते ओह्रिडच्याच कानेओ भागातील संत जॉनचे चर्च होते. स्वेती नौम तेथून दक्षिणेला, अल्बेनियाच्या सीमेजवळ, रस्त्याने सुमारे तीस किलोमीटरवर आहे. मी जागेवरच हे निदर्शनास आणून दिले. त्यावर ‘फोटो तर मिळाले ना, काकू,’ एवढेच उत्तर आले आणि बोट मागे वळली. माझे पती परतीच्या वाटेत एक शब्दही बोलले नाहीत. ते 71 वर्षांचे आहेत आणि त्या झऱ्यांपर्यंत पुन्हा जाणे त्यांना शक्य होईल असे मला वाटत नाही. सहप्रवाशांपैकी अनेक जण आजही आपण स्वेती नौम पाहिला असेच समजून आहेत.

मोत्यांच्या बाबतीतही असेच घडले. ओह्रिडचे मोती सरोवराच्या तळातून काढले जात नाहीत. शिंपल्याच्या मण्यावर ‘प्लाशित्सा’ या लहान माशाच्या खवल्यांपासून केलेल्या लेपाचे थर चढवून ते हाताने घडवले जातात. ही तिथल्या कुटुंबांनी जपलेली कारागिरी आहे आणि तिचा मला आदरच वाटतो. परंतु टूर मॅनेजरनी ते नैसर्गिक मोती असल्याचे सांगितले आणि त्या विश्वासावर आमच्या गटातील पाच जणांनी खरेदी केली. दुकानदाराने असा दावा केल्याचे मी ऐकले नाही. म्हणून माझी तक्रार त्याच्याविरुद्ध नाही.

परत आल्यावर आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर मी तीनदा फोन केला. ‘ओह्रिड कव्हर झालेले आहे,’ असे मला सांगण्यात आले, आणि ‘अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रमात बदल होऊ शकतो’ या अटीकडे बोट दाखवण्यात आले. त्या दोन्ही दिवशी हवा स्वच्छ होती आणि रस्ते खुले होते. शिवाय स्ट्रुगा येथील हॉटेलच्या व्हाउचरवर आरक्षणाची तारीख 14 एप्रिल आहे, तर आपण 2 मे रोजी ईमेलने पाठवलेल्या अंतिम कार्यक्रमात मुक्काम ओह्रिड असाच दिलेला आहे. अर्थात, बदल आधीच ठरलेला असूनही तो आमच्यापासून 20 मेपर्यंत लपवून ठेवण्यात आला. हे अपरिहार्य कारण ठरत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये ही सेवेतील त्रुटी आहे. पुढील सहलीसाठी देऊ केलेले 5,000 रुपयांचे कूपन मी स्वीकारत नाही.

माझी मागणी अशी आहे की, न दिलेला ओह्रिडचा मुक्काम, गाइडची पूर्ण दिवसाची फेरी आणि स्वेती नौमची बोटफेरी यांचे मूल्य आपल्याच दरपत्रकानुसार काढून ती रक्कम आम्हा दोघांना परत करावी. कानेओ आणि मोती यांविषयीच्या चुकीच्या माहितीची दुरुस्ती गटातील सर्व प्रवाशांना लेखी कळवावी, म्हणजे ज्यांनी खरेदी केली त्यांना निदान वस्तुस्थिती समजेल. तसेच सप्टेंबरच्या सहलींचे माहितीपत्रक अद्याप तेच आहे, हे मी काल आपल्या संकेतस्थळावर पाहिले. ते एक तर दुरुस्त करावे, किंवा त्यात लिहिल्याप्रमाणे प्रवाशांना प्लाओश्निक आणि स्वेती नौम प्रत्यक्ष दाखवावे. यांपैकी दुसरा पर्याय आपण निवडलात तर मला अधिक समाधान वाटेल.

या पत्राचे लेखी उत्तर 21 दिवसांच्या आत अपेक्षित आहे. ते न आल्यास मी पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. कार्यक्रमपत्रिका, 2 मेचा ईमेल, हॉटेलचे व्हाउचर, पैसे भरल्याची पावती आणि बोटीतून काढलेली वेळेच्या नोंदीसह छायाचित्रे यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
15 मेच्या बाल्कन सहलीतील प्रवासी
(स्वतःसाठी व पतीच्या वतीने)