दान्तेच्या चिखलातील बुडबुडे

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत इटालियन महाकवी दान्ते याच्यावर आलेला लेख आवडीने वाचला. मात्र नरकातील शिक्षांच्या वर्णनापाशीच तो थांबला, याची रुखरुख लागून राहिली. नरक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उकळत्या तेलाच्या कढया येतात. दान्तेच्या नरकाच्या तळाशी मात्र बर्फ आहे आणि विश्वासघातक्यांची आसवे तिथे डोळ्यांतच गोठतात.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो ‘डिव्हाइन कॉमेडी’ या, स्वतःच्या कल्पित परलोकयात्रेवर त्याने रचलेल्या महाकाव्याच्या नरकखंडातील सातवा सर्ग. स्टिक्स या नरकातील नदीच्या दलदलीत वर संतापी माणसे एकमेकांचे लचके तोडत आहेत आणि खाली, कोणाच्या दृष्टीस न पडता, जन्मभर कुढत राहिलेले जीव रुतले आहेत. उन्हाने प्रसन्न झालेल्या गोड हवेतही आम्ही खिन्नच राहिलो, असे ते सांगू पाहतात, पण शब्द घशातच घोटाळतात आणि वर येतात ते केवळ त्यांच्या उसाशांचे बुडबुडे. गोदेचा पूर ओसरल्यावर रामकुंडाच्या पायऱ्यांवरील गाळात असे बुडबुडे फुटताना मी लहानपणापासून पाहत आलो आहे. हा सर्ग वाचल्यापासून तिथे पाय थबकतो.

दुःखाला पाप ठरवणे मला प्रथम निर्दयपणाचे वाटले. परंतु लिहिणारा स्वतः होरपळलेला होता. १३०२ मध्ये फ्लोरेन्सने त्याला हद्दपार केले, हाती लागल्यास जिवंत जाळण्याची शिक्षा फर्मावली, आणि १३२१ मध्ये राव्हेना येथे देह ठेवीपर्यंत त्याला आपले गाव पुन्हा दिसले नाही. दुःख कोणाला चुकले आहे? त्याला कवटाळून बसणे मात्र त्याने पाप मानले, असे मी आता समजतो.

आपण षड्रिपूंना शत्रू म्हणतो. दान्ते दुसऱ्या खंडात, पापक्षालनाच्या डोंगरावर, आपला वाटाड्या असलेल्या प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या तोंडून सांगतो की पुण्य आणि पाप या दोहोंचे बीज प्रेमच आहे. ते भलतीकडे वळले, उणे पडले किंवा अति झाले की त्याचेच पाप होते. मनुष्यस्वभावाकडे इतक्या आपुलकीने पाहणाऱ्या या खंडावरही आपण एखादा लेख छापावा, ही आग्रहाची विनंती. ज्यांचे मन जिवंतपणी कशातच लागले नाही, ते आळसावलेले जीव त्या डोंगरावर अखंड धावत असतात. दान्तेशी चार शब्द बोलायलाही त्यांना थांबवत नाही, आणि याबद्दल त्यांतला एक जण धावता धावताच क्षमा मागतो.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक