शनिवारी सकाळी सातला लॅबचा माणूस येणार आहे

आई, पप्पा,

फोनवर सांगितलं असतं, पण आई मधेच "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषय बदलते, म्हणून लिहून पाठवतोय. पप्पा, चष्मा लावा आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

शनिवारी सकाळी सातला लॅबचा माणूस आईचं रक्त घ्यायला घरी येणार आहे. पैसे भरून झालेत, आता कॅन्सल होत नाही (होतं, पण मी करणार नाही). जिना उतरायचा नाही, रिक्षा नाही, रांग नाही, आपल्या खुर्चीत बसून हात पुढं करायचा एवढंच, आणि तो दाराबाहेर पडला की लगेच चहा.

आई, तू ठणठणीत आहेस हे मला मान्यच आहे. शुगरच्या गोळ्या सुटल्या, गुडघे गप्प झाले, रंकाळ्यावर पप्पांच्या पुढं चालतेस, सगळे ब्लाउज आत घ्यावे लागले. पण परवा पप्पा बोलता बोलता बोलून गेले की रात्री तुझ्या पायाला मुंग्या येतात आणि तू तेल चोळून तशीच झोपतेस. त्यांच्यावर चिडू नको, मीच खोदून खोदून विचारलं.

तू म्हणशील मटण खाते की मी, कसली आलीय बी ट्वेल्व्ह व्हिटॅमिनची कमी. अगं, वजनासाठी पोटाचा बायपास केलाय नव्हं? खाल्लेल्यातलं बी ट्वेल्व्ह सोडवायला पोटातलं ॲसिड लागतं, ते अंगी लागायला जठरात तयार होणारं एक प्रोटीन लागतं, आणि तुझं अन्न आता त्या जठराच्या चिमूटभर भागातून पुढं सरकतं. म्हणजे रस्सा कितीही चापून खाल्लास (खातेस तरी किती, दोन वाट्या!) तरी उपयोग थोडाच. पहिली दोन वर्षं काही जाणवलं नाही कारण लिव्हरमधे जुना साठा असतो, कणगीतलं धान्य पुरावं तसा पुरतो, आणि संपत आला की मग अशा मुंग्या सुरू होतात. दुसरंही कारण असेल, मी काय डॉक्टर नाही, पण ही कमी असली तर लवकर पकडलेली बरी, फार उशीर झाला की नसांचं दुखणं पूर्ण भरून येईलच असं नसतं. घाबरवत नाही गं. इंजेक्शननं भागतं, महिन्याला एक, कोपऱ्यावरच्या आपल्या डॉक्टरांकडंच घेता येईल. ऑपरेशनचा हट्ट माझा होता, तेव्हा पुढचं बघायचं कामही माझंच, आणि हे दरवर्षी करायचंय, कायमचं. आत्याच्या वेळी जे झालं ते मला परत बघायचं नाही.

मागच्या वेळी आलो तेव्हा गोळ्यांचा तो सात खणांचा डबा उघडला. सोमवारात लवंगा, मंगळवारात वेलदोडे, बुधवारी सुईदोरा! हसू पण आलं आणि राग पण. मला लहानपणी गोळी गिळता यायची नाही तर गुळात दडवून द्यायचीस, आणि गिळली का म्हणून "आ" करायला लावायचीस. आता पप्पांनी तुला "आ" करायला लावायचं.

पप्पा, हे नीट ऐका. आई केसांसाठी जी बायोटिनची गोळी घेते ती आजपासून बंद, त्यानं काही रिपोर्ट चुकीचे येतात, आणि घेत होती हे त्या माणसाला सांगायचंच. शुक्रवारी रात्री जेवणानंतर काही खायचं नाही, पाणी चालतं. रक्त द्यायच्या आधी कुणाच्या सांगण्यावरून बी ट्वेल्व्हचं इंजेक्शन मारून घ्यायचं नाही, मग खरा आकडा कळत नाही. तपासण्यांच्या यादीत फेरिटिन (लोहाचा साठा) आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) आहे, ते कशाला म्हणून कुणी काटलं तर मला तिथूनच फोन लावा. हिमोग्लोबिन बरं दिसलं तरी लोहाचा साठा संपलेला असू शकतो, आणि रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणजे सगळं ठीक असं नाही, कमी पडलं की शरीर हाडातलं काढून रक्तात भरतं, ते पीटीएचवरनं कळतं.

आणि लोहाची गोळी चहाबरोबर नको आई, कितीदा सांगू. कॅल्शियमची आणि ती, दोन्हीत दोन तासांचं अंतर. कॅल्शियम सायट्रेटवालंच, दुकानदार दुसरं देत असेल तर चिठ्ठीचा फोटो पाठवा, इथून पाठवून देतो.

रिपोर्ट थेट पुण्याच्या सर्जनकडं जाणार, माझ्याकडं पण येणार, त्यामुळं "सगळं नॉर्मल आलंय रे" चालणार नाही. रविवारी मी येतोय. माझ्यासाठी पांढरा रस्सा कर, तुझ्या दोन वाट्या वेगळ्या काढ आणि डब्यातल्या लवंगा तेवढ्या बाहेर काढून ठेव.

तुमचा,
बंड्या