विहिरींना कठडे बांधायचेत, ऊसतोड सुरू व्हायच्या आत

समस्त ग्रामस्थ, मळ्यातली मंडळी आणि मुंबई-पुण्याला असलेले आपले गाववाले, सर्वांना राम राम.

गेल्या हिवाळ्यात पाटाच्या खालच्या अंगाला विहिरीत बिबट्या पडला, ते सगळ्यांना आठवत असेल. शेतीपंपाला रात्रीची लाईट होती म्हणून पाणी धरायला गेलेल्या पोरांना आतून गुरगुर ऐकू आली. बॅटरी मारली तर मोटारीच्या पाइपाला मिठी मारून बसलेला. घरून बाज आणली, चारी कोपऱ्यांना दोर बांधून खाली सोडली, तसा तो निमूट बाजेवर चढून बसला. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं. उजाडल्यावर मात्र जत्रा भरली. वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन आली तर त्यांना विहिरीपर्यंत पोचता येईना. व्हिडिओ काढणाऱ्या एका पोराचा पाय काठावरच्या गवतावरून घसरला, मागच्याने बखोट धरलं म्हणून वाचला. त्या दिवशी बिबट्यापेक्षा आपल्याच माणसांची भीती जास्त वाटली.

त्या विहिरीला कठडा नव्हता. मग आम्ही शिवार फिरून पाहिलं, तर जमिनीच्या बरोबरीनं तोंड असलेल्या 17 विहिरी निघाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त सामाईक. चार भावांची विहीर म्हणजे कुणाचीच नाही, हे काही नवीन सांगायला नको.

कुत्र्याच्या किंवा सशाच्या मागे पळणाऱ्या जनावराला गवतात झाकलेलं विहिरीचं तोंड दिसत नाही. तीन फुटाचा कठडा बिबट्या सहज ओलांडू शकतो, पण समोर काहीतरी उभं दिसलं की तो वळतो. काम एवढंच आहे. आपल्याकडे बिबट्याच पडतो असंही नाही. कोल्हा, तरस, साळिंदर, उदमांजर पडतं, आपली वासरं-करडं पडतात. पडलेलं लहान जनावर कुणाच्या लक्षातही येत नाही. चार दिवसांनी पाण्याला वास यायला लागला की कळतं.

“माणसं मारणाऱ्या जनावराला वाचवायला वर्गणी कशाला?” हा प्रश्न बैठकीत आला, आणि तो चुकीचा नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर पट्ट्यात माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला आम्ही शहाणपण शिकवणार नाही. पण कुकडीच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस झाला, आणि उसात बिबट्याच्या दोन-तीन पिढ्या जन्मल्या. त्यांना डोंगरात परत जा म्हणून कसं सांगणार, त्यांनी डोंगर पाहिलेलाच नाही. एक धरून लांब सोडला तरी तो तिथं राहतोच असं नाही. 2009 साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक नर गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेजला सोडला होता. तो चालत चालत पार मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्यामुळे आपल्या हातात जे आहे ते आपण करू: विहिरींना कठडे घालू, वस्तीवरची कुत्री-शेळ्या रात्री बंद गोठ्यात घेऊ, पोरांना अंधारात एकटं परसाकडे पाठवणार नाही. दिवसा लाईट द्या ही मागणी वेगळी चालूच आहे, ती सोडायची नाही.

घाई तोडीची आहे. फड रिकामे व्हायला लागले की जनावरं आसऱ्याला इकडून तिकडे पळतात, तेव्हाच ती जास्त दिसतात आणि विहिरीतही पडतात. तोडकऱ्यांना पाचटात पिल्लं सापडली तर उचलून घरी आणू नका, मांडीवर घेऊन फोटो तर अजिबात नको. जागा सोडा आणि 1926 ला किंवा आपल्या वनरक्षकाला फोन करा. बहुतेक वेळा त्याच जागी ठेवलेली पिल्लं आई रात्री घेऊन जाते. शिवाय प्रत्येक ठिपक्यांचं पिल्लू बिबट्याचं नसतं. वाघाटी आपल्या उसातच विते, आणि ती अख्ख्या जगातली सगळ्यात लहान रानमांजर आहे. तिच्या पिल्लांना बिबट्या समजून कितीदा गोंधळ झालाय.

आता मागणं. पैशापेक्षा वस्तू दिल्यात तर बरं. विटा, सिमेंट, वाळू, जुने अँगल, तारेची जाळी, काहीही चालेल. घर बांधून उरलेल्या विटा मागच्या पडवीत पडून आहेत त्या कुणाकुणाच्या, हे आम्हाला माहीत आहे, तेव्हा लाजवू नका. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी एक दिवस द्यावा. काठ ढासळलेल्या विहिरींना वीटकाम टिकणार नाही, तिथे चार-पाच फूट मागे सरून जाळी लावायची आहे. प्रत्येक विहिरीत एक जाड लाकडी शिडी पाण्यापर्यंत सोडायची, म्हणजे चुकून पडलेलं जनावर तिच्यावर तरी थांबेल. मुंबईकरांनी रोख दिले तर गवंड्यांची मजुरी भागेल. शंभर रुपये असले तरी पावती मिळेल, आणि जमा-खर्च मारुतीच्या देवळातल्या फळ्यावर दर रविवारी लिहिला जाईल. विहीरमालकांनी मात्र निम्मा खर्च उचलायचा, हे बैठकीत ठरलंय. सामाईक असेल तर भावांनी आपसात मिटवावं, आम्ही मध्ये पडणार नाही.

बिबट्या दिसला तर वनरक्षकाला कळवा, पण जागेसकट व्हॉट्सअपवर टाकू नका. मागच्या वेळी सर्चलाइट घेऊन गाड्या आल्या आणि रात्रभर वस्तीवर कुणाला झोप नव्हती.

पहिली वीट वसुबारसेला सकाळी 8 वाजता, पाटाखालच्या त्याच विहिरीवर. त्याच दिवशी पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांत वाघबारस, म्हणजे वाघोबाची पूजा असते, म्हणून तोच दिवस धरला. वस्तू आदल्या दिवशीपर्यंत ग्रामपंचायतीच्या आवारात टाका. श्रमदानाला येणाऱ्यांनी आपलं घमेलं आणि फावडं घरून आणावं, मंडळाकडे चारच आहेत. चहा-भाजी-भाकरीची सोय बचत गटाच्या ताईंनी घेतली आहे.

आपले,
ग्रामस्थ व तरुण मंडळ