उल्मचा अर्ज आणि बगॅसची पिशवी

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

"पीएचडी झाली तरी अजून शिकायचंच का?" असं मावशीने विचारलं म्हणून तू हिरमुसलीस. तिला सांग, पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, ती पगाराची नोकरी असते. मी आयटीआय करून सबस्टेशनला लागलो तेव्हा पहिलं वर्षभर मलाही कुणी ब्रेकरला हात लावू दिला नव्हता.

तू पाठवलेले कागद दोनदा वाचले. इथली एनपीडीएफ, म्हणजे आपल्या सरकारची पोस्टडॉक फेलोशिप, दोन वर्षांची, वयाची अट ३५ आणि बायकांना पाच वर्षांची सवलत. म्हणजे ती गाडी लगेच सुटत नाही. युरोपच्या मेरी क्युरी फेलोशिपचं तसं नाही. मुदत सप्टेंबरात, आणि त्याआधी तिकडचा गाईड गाठून त्याच्यासोबत प्रस्ताव लिहायचा. मुदतीच्या दिवसापर्यंत व्हायवा, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा, झालेला हवा, सर्टिफिकेट मागाहून चालतं. गेल्या तीन वर्षांत जिथे जायचं त्या देशात बारा महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं, ही अट वाचून हसलो. तुझ्या पासपोर्टवर अजून एक शिक्का नाही!

जर्मनीतल्या उल्मची हेल्महोल्ट्झ संस्था २०११ ची, काम सगळं बॅटरीचं, तुझ्या सोडियम बॅटरीचंसुद्धा. पण नावावर जाऊ नकोस. तिथून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना आधी मेल टाक. आणि गाईडला स्पष्ट विचार, इथून निघताना मला माझा म्हणून कुठला विषय नेता येईल? हे विचारायला लाजू नकोस, लाजणं ही तुझी खोड आहे.

तमिळनाडूतले अरुमुगम मंथिराम १९८५ साली बॅटरीवाले शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्याकडे ऑक्सफर्डला पोस्टडॉक म्हणून गेले आणि पुढे त्यांच्याबरोबर टेक्सासला. २०१९ मध्ये गुडइनफना लिथियम बॅटरीसाठी नोबेल मिळालं ते ९७ व्या वर्षी, आणि स्टॉकहोमला त्यांच्या वतीने व्याख्यान दिलं मंथिरामांनी. हे तूच मला सांगितलं होतंस, मावशीलाही सांग.

आमची बॅटरी रूम आठवते? दोन-दोन व्होल्टचे ५५ सेल, ११० व्होल्टची बँक. सकाळी पायलट सेलमध्ये, म्हणजे नमुन्याला धरलेल्या सेलमध्ये, ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवायचा, १२०० च्या आसपास रीडिंग आलं की रजिस्टरवर सही. ॲसिडने शर्टाला पडलेल्या भोकांत तू बोट घालायचीस. एखादा सेल का निकामी होतो, हे मला नोकरीभर कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१९९४ साली मोठ्या ट्रेनिंगला नाव लागलं होतं. तुझ्या आजीच्या दुखण्याचं निमित्त काढून मी राहिलो. खरं म्हणजे भीती वाटली. तेव्हा आमचं निमित्त तू काढू नकोस. आईची शुगर ताब्यात आहे, आणि तिच्या गोळ्या मी देतो.

कारखान्याचा हंगाम सुरू झालाय. तुझ्या बॅटरीतल्या हार्ड कार्बनसाठी बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, आणून गच्चीवर पसरलंय. मागच्या वेळी ओलं निघालं नि भट्टीत तुझा आठवडा वाया गेला, म्हणून यंदा चार उन्हं जास्त देतोय. रविवारी एसटीने पार्सल टाकतो.

तुझे
अप्पा