मोहाच्या दिवसांतील परीक्षा

पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने, ८ ते २५ एप्रिल २०२५ दरम्यान घेण्याचा जो पायंडा पडला, तो सातपुड्यातील पाड्यांवरच्या मुलांवर अन्याय करणारा आहे. याच दिवसांत मोहाच्या झाडाची फुले पहाटे गळतात, ती गुरांनी खाण्याआधी वेचायला मुले आईवडिलांबरोबर टोपली घेऊन झाडाखाली असतात आणि वेचणे, वाळवणे, साठवणे तिथेच शिकतात. शाळेच्या हजेरीपटावर मात्र ती गैरहजर ठरतात. उन्हामुळे विदर्भातील शाळा उन्हाळी सुटीनंतर उशिरा सुरू होतात, ते योग्यच आहे; तशीच सवलत इथेही हवी. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ९ नुसार शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. त्याआधारे नंदुरबार जिल्हा परिषदेने होळी आणि मोहाच्या हंगामात सुटी द्यावी व ते दिवस दिवाळीच्या सुटीतून भरून काढावेत.

– एक वाचक, धडगाव (जि. नंदुरबार)