टीव्हीचा आवाज वाढवू नका

संपादक साहेब,

आमच्या गल्लीतली एक वहिनी कापूस वेचायला येते, ऑक्टोबरच्या उन्हात फुल बाह्यांचा शर्ट, तो तर सगळ्याच घालतात म्हणून कोणाला काही वाटलं नाही, पण पाणी पिताना बाही सरकली तर कोपरापर्यंत काळंनिळं. म्हणे ओट्यावरून पडली. सासूचं एकच, घरनी गोट घरमाच ऱ्हाऊ दे. आणि आपण शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतो, मी पण वाढवलाय, खोटं कशाला बोलू. बायकांच्या मदतीची १८१ हेल्पलाईन फुकट आहे, मारहाण चालूच असेल तर सरळ पोलिसांना ११२ लावा. घरातल्या मारहाणीविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला शेजारी पण कळवू शकतो, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बायकोला तिथं राहायचा हक्क आहे. वहिनीचा मोबाईल नवऱ्याकडेच असतो, तिला सांगून ठेवलंय, माझा घे.

एक वाचक, अमळनेर